गोठ्यातली काजळी

माझी मैत्रीण सुमती गेली त्याला दीड महिना झाला. तेराव्याला माझा मामेभाऊ आला होता. पांढराशुभ्र सदरा, डोळ्याला रुमाल. "बाई म्हणजे देवमाणूस," म्हणाला. शी! त्याच्या तोंडून ते ऐकवेना... का, ते सांगते.

गोवा घटक राज्य झालं त्या वर्षी साखळीच्या बसस्टँडवर भागीरथी नावाची म्हातारी झोपायची. शाळेत शिकवून परतताना आम्ही दोघी तिला बघायचो. लोक तिला चहा-पाव देत आणि मोठं पुण्य केल्याच्या थाटात बस पकडत. सुमतीला ते पुरेना. "माणूस रस्त्यावर येतं कसं, हे विचारायला नको का गे?" तिनं आधी म्हातारीलाच विचारलं. "पावसान घर पडलें, बाये," एवढंच ती बोलली. मग एका रविवारी सुमती तिच्या गावात दारोदार फिरली. ते माझं आजोळ, म्हणून मी सोबत. तोंडं अनेक, उत्तर एकच. "तिचें नशीबच फुटकें, आनी कितें!"

शेवटी मामाच्या गोठ्यात खाटेवर बसलो. मामाही तोच पाढा वाचत होता, आणि सुमती वर छपराकडे बघत होती. एकदम म्हणाली, "मामा, गोठ्यात चूल पेटवता?"

"गोठ्यांत चूल? पिशी काय गो तूं?"

"मग नळे आतून काळे कसे?"

नळे म्हणजे आमच्याकडची छपराची कौलं. मामीच बोलून गेली... जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, तिच्यावर भागीरथीचं घर. कायद्यानं तिला काढता येईना. तेव्हा भर वैशाखात 'दुरुस्ती' म्हणून भाटकारानं नळे उतरवले आणि शेजाऱ्यांत वाटून टाकले. पुढचं काम आषाढानं केलं. मातीच्या भिंती त्या, किती टिकणार? साऱ्या गावाची तोंडं बंद, कारण प्रत्येकाच्या छपरावर तिच्या चुलीचा धूर. मेल्याच्या टाळूवरचं लोणी लोक निदान मेल्यावर खातात. यांनी जितीचं खाल्लं.

"परत करा. भिंतींचं मी बघते," सुमती म्हणाली.

"सगळ्यांनीच घेतल्यात. मीच कित्याक दिऊं?" मामा तोंड वर करून म्हणाला. माझ्या रक्ताच्या माणसाची मला किळस आली.

सुमती खाटेवर चढली, पागोळीचा एक नळा ओढून काढला आणि चालू लागली. त्याच संध्याकाळी तिनं भागीरथीला स्टँडवरून आपल्या घरी आणलं. शेवटपर्यंत म्हातारी तिथंच राहिली. ढग गडगडले की घाबरून विचारायची, "बाये, नळे आसात मगो?" सुमती प्रत्येक वेळी उठून तिला छप्पर दाखवायची.

तो नळा अजून सुमतीच्या फळीवर आहे. तेराव्याला मामेभावानं सहज उचलला. "कितली काजळी ही! धुऊन तरी ठेवायचा."

"तुमच्या गोठ्याचा आहे," मी म्हटलं. "नेतोस?"

त्यानं तो घाईनं ठेवला, काळी बोटं रुमालाला पुसली, आणि निघताना पुन्हा तोच रुमाल डोळ्याला लावला.