शेठजींची बँक, सरकारची बँक

तीस वर्षं बँकेत काढली की पेन्शनबरोबर किस्सेही हाती येतात. पेन्शन महिनाअखेरीला संपते, किस्से साचत जातात.

आमची नाशिकची शाखा आधी मुंबईच्या एका शेठजींच्या बँकेची. शेठजी तीन महिन्यांतून एकदा यायचे आणि गिऱ्हाईक नसलेल्या काउंटरवरचे पंखे स्वतःच्या हातानं बंद करायचे. एकदा भर मे महिन्यात मॅनेजर गोखले धीर करून म्हणाले, "शेठजी, कॅशियर घामानं भिजलाय."

"भिजू द्या. नफा असाच निघतो!"

निघायचाही. दर वर्षी.

एकोणसत्तर साली बँक सरकारी झाली. दुसऱ्याच आठवड्यात सायखेड्याचे नामदेवराव मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरले. गोखले जागेवर नव्हते. हे थेट त्यांच्या खुर्चीत!

शिपाई ओरडला, "अहो, ती साहेबांची खुर्ची आहे!"

"रेडिओवर सांगितलं, बँक आता जनतेची हाय. म्हणलं, बसून बघावं."

तेवढ्यात गोखले आले. त्यांनी दोन चहा मागवले आणि स्वतः समोरच्या स्टुलावर बसले. चहा संपल्यावर नामदेवराव उठले. "मऊ हाय," म्हणाले, आणि खातं उघडून गेले.

मग हुकूम आला, पेठकडच्या डोंगरात शाखा काढा. शेठजींनी तिथं शाखा स्वप्नातही काढली नसती. मला पाठवलं. पत्र्याची एक खोली, एक टेबल, एक तिजोरी. दोन वर्षं सलग तोटा. शेवटी शाखा ठेवायची की बंद करायची, हे ठरवायला हेड ऑफिसचे इन्स्पेक्टर आले.

"नफा कधी होणार?"

"रस्ता झाला की, साहेब."

"आणि रस्ता कधी होणार?"

"तोही सरकारच करणार आहे!"

साहेब पोट धरून हसले. शाखा वाचली.

तिथंच भागीबाई भेटली. मध आणि मोहफुलं विकणारी म्हातारी. फडक्यात बांधलेले पैसे घेऊन आली, पण गाठ काही सोडेना.

"ब्यांकेचा मालक कोण?"

"सरकार."

"मंग नाय ठेवायचे. सरकार मला कधी भेटलं नाय." जरा थांबून तिनं विचारलं, "तू हितं रोज बसतो ना?"

"बसतो की."

"मंग तुझ्याकडं ठेवते."

तीन वर्षांनी माझी मालेगावला बदली झाली. ट्रंक बांधत होतो, तर भागीबाई धापा टाकत दारात.

"ब्यांक कुठं चालली?"

"मी चाललोय, आजी. मालेगावला."

तिनं कमरेचं पासबुक काढलं आणि माझ्या ट्रंकेत ठेवलं.