नानांच्या नाकाचा हुतात्मा

चाळीसगावपासून अर्ध्या तासावरच्या आमच्या गावात, बसथांब्यासमोर माझ्या वडिलांचा, म्हणजे नानांचा, पुतळा उभा आहे. खाली नाव मात्र दुसऱ्याचं आहे.

आमच्या गावचा एक तरुण स्वातंत्र्याच्या चळवळीत पकडला गेला आणि तुरुंगातच वारला. शाळेच्या आवारात त्याच्या नावाचा दगड होता, तो झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी धुतला जाई. एवढ्यानं भागत नाही, पुतळा हवा, असं ग्रामपंचायतीनं ठरवलं आणि मंडळी धुळ्याला, देवपुरातल्या मूर्तिकाराकडे गेली. त्यानं फोटो मागितला. फोटो कुणाकडेच नव्हता. त्याच्या घराण्यात मागे कुणी उरलं नव्हतं. होती ती फक्त त्याच्या बहिणीची लेक, तेव्हाच ऐंशी ओलांडलेली म्हातारी. सारा गाव तिला अक्का म्हणे. तिनंही मामाला पाहिलेलं नव्हतं. तिची आई सांगायची की मामाचं नाक पोपटासारखं होतं आणि मिशा भरघोस, एवढंच ती सांगू शकली.

मग गावात नाकाचा शोध सुरू झाला. तो आमच्या ओट्यावर येऊन संपला. नाना तेव्हा एसटीतून कंडक्टर म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते आणि नाकामिशांसकट रिकामे होते. त्यांना जीपमध्ये घालून देवपूरला नेलं. मूर्तिकारानं त्यांना हातात काठी देऊन झेंड्यासारखी धरायला लावली. परत आल्यावर आई विचारत राहिली. नाना नुसते ताठ बसून जेवले.

अनावरणाला पाहुण्यांनी दोरी ओढली, पडदा पडला आणि टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. मागून कुणीतरी शांतपणे म्हणालं, “हाऊ ते आपला कंडक्टर शे.”

त्यानंतर पाहुण्यांनी पुतळ्याला हार घातला, आणि तिथेच आई उठली. जिवंत नवऱ्याच्या मूर्तीला हार घालतात का, असं तिनं पाहुण्यांना सगळ्यांदेखत विचारलं आणि चौथऱ्यावर चढून हार काढून टाकला. पुढे दर राष्ट्रीय सणाला हाच वाद. सरपंच म्हणायचे, हुतात्म्याचा अपमान होतो. आई म्हणायची, माझ्या कुंकवाचा होतो. शेवटी असं ठरलं की हार पायाशी ठेवायचा, आणि तोही नानांनीच. माणूस स्वतः हार वाहतोय म्हणजे तो हयात आहे, हे देवालाही दिसेल. ‘अमर रहे’च्या घोषणांना मात्र आईची हरकत नव्हती. उलट पोरांचा आवाज कमी पडला तर ती त्यांना पुन्हा द्यायला लावी.

नानांचं बाजारात जाणं अवघड झालं. वांग्यांचा भाव पाडून मागितला की भाजीवाली म्हणे, देशासाठी जीव दिला आणि दोन रुपयांसाठी भांडता? एकदा उन्हाळ्यात त्यांनी मिशा काढल्या, तर संध्याकाळी पंचायतीची माणसं घरी आली. पुतळा खोटा दिसतो, तेव्हा त्या परत वाढवाव्यात, अशी त्यांनी रीतसर विनंती केली. नानांनी वाढवल्या.

पुतळा झाल्यापासून अक्का आमच्याकडे येऊ लागली. आल्यावर नानांसमोर बसे आणि त्यांना मामा म्हणे. ते तिला अक्काच म्हणत. राखीपौर्णिमेला आपल्या आईच्या वतीनं तिनं त्यांच्या हाताला राखी बांधली. तिची आई मरेपर्यंत दरवर्षी भावासाठी राखी आणून ठेवायची, असं ती सांगत होती. सांगता सांगता थांबली आणि नानांचा हात न सोडता म्हणाली, “मामा, तू घर का बर उना नही?”

आईनं माझ्याकडे पाहिलं. मामा घरी का आला नाही हे नानांना विचारतेय म्हणजे म्हातारीला भ्रम झालाय, हे उघड होतं. नानांनी मनगटावरची राखी सरळ केली.

“सुट्टी भेटनी नही, अक्का,” ते म्हणाले.

तिनं मान हलवली. हे उत्तर तिला पटलं असावं, कारण मग तिनं चहा मागितला आणि बशीत ओतून सगळा प्यायली.

गेल्या थंडीत अक्का गेली. आमच्याकडे बाईला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, नाहीतर मामाकडचं. ते कोण आणणार, म्हणून सगळे अंगणात खोळंबले होते. तेवढ्यात नाना आले. आईनं कपाटातून काढून दिलेलं कोरं जांभळं लुगडं त्यांच्या हातात होतं. बाहेरगावचे भटजी होते, त्यांनी नातं विचारलं. अक्कापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी लहान असलेले नाना म्हणाले, मामा. भटजींनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा अक्काकडे पाहिलं. सरपंचांनी पुढे होऊन लुगड्याची घडी उलगडायला हात लावला.

दहाव्याला नानांनी डोक्याबरोबर मिशाही उतरवल्या. या वेळी पंचायतीतून कुणी आलं नाही.