हेडबाईंनी घेतलेली मुलाखत

गल्लीत सगळे त्यांना हेडबाई म्हणत. कुठल्याही शाळेच्या हेडबाई त्या कधी नव्हत्या. शाळेची पायरीच मुळी फारशी चढल्या नव्हत्या. पण दूधवाल्यापासून जिना झाडणाऱ्यापर्यंत कुणाच्याही कामातली खोट त्यांना लांबून दिसायची, आणि तोंडावर सांगितल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागायचं नाही. मुलगा फिरतीच्या नोकरीवर, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. त्यामुळे घरात खरा संसार सासू आणि सून या दोघींचाच होता.

सून एका मोठ्या दवाखान्यात फोनच्या बोर्डावर बसायची. बाहेरचा फोन आधी तिच्याकडे यायचा, मग ती तो हव्या त्या डॉक्टरांकडे जोडून द्यायची. लग्नाआधीपासून तिने दुसरं काही केलं नव्हतं. मग आपोआप फोन जोडणारं यंत्र आलं आणि सून घरी बसली. हेडबाई चार लोकांत हळहळल्या, पण आतून सुखावल्या. वर्षानुवर्षं दुपारचा चहा एकटीने प्यायलेल्या बाईला समोर माणूस मिळालं होतं, तेही भांडायला तयार असलेलं. चहात साखर किती, खिडकी उघडी की बंद, कशावरूनही दोघींची जुंपायची. इतक्या मजेत हेडबाई कित्येक वर्षांत भांडल्या नव्हत्या.

अशातच एका हॉटेलातून बोलावणं आलं. आल्यागेल्याचं स्वागत करायला, समोरच्या काउंटरवर बसायला बाई हवी होती. मुलाखतीला समक्ष यायचं होतं. सून तडक सासूकडे आली.

"आई, फोनवर मी कुणाशीही बोलेन हो. पण समोरासमोर बसून?"

"त्यात काय एवढं! मी घेते तुझी मुलाखत," हेडबाई म्हणाल्या. बोलून तर बसल्या.

दुसऱ्या दुपारपासून तालीम सुरू झाली. हेडबाई चष्मा लावून टेबलापलीकडे, सून दाराबाहेर. "या. अहं, लगेच बसायचं नाही. मी सांगितल्यावर बसायचं. जा, पुन्हा आत या." हा भाग त्यांना इतका आवडला, की सुनेला खुर्ची मिळेपर्यंत चहा गार झाला.

"तुम्हाला ही नोकरी का हवी?"

सून उत्तर द्यायला लागली आणि हेडबाईंना खोट दिसली. बोलताना सून डोळे मिटत होती. अगदी गच्च. इतकी वर्षं कानाशी आवाज आणि पुढ्यात भिंत; नीट ऐकायचं, नीट बोलायचं, तर डोळे मिटायचे, अशी सवयच लागली होती तिला. घरी भांडताना ते चांगले वटारलेले असायचे, म्हणून कधी लक्षात आलं नव्हतं. आता डोळे मिटून स्वागत करणाऱ्या बाईला कुठलं हॉटेल ठेवून घेणार?

आणि ज्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे, त्या हेडबाई मूग गिळून गप्प बसल्या. "छान," एवढंच म्हणाल्या.

"काही चुकत असेल तर सांगा हं, आई," सून रोज म्हणायची. "तुमच्या नजरेतून काही सुटत नाही, म्हणून तर तुमच्यापुढे बसते."

"काही चुकत नाही," हेडबाई म्हणायच्या आणि उगाच चष्मा पुसायच्या. मन खात होतं. पण ही गेली की दुपारी पुन्हा आपण आणि भिंती, या विचाराने जीभच उचलत नव्हती.

मुलाखतीच्या सकाळी सून कडक इस्त्रीचे कपडे घालून तयार झाली. चपलेचा पट्टा लावता लावता म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून धीर आला बघा, आई."

हेडबाईंना ते सोसवलं नाही. "बस खाली. तू बोलताना डोळे मिटतेस."

"मी? कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून बघतेय."

"आणि आत्ता सांगताय?"

"तुला नोकरी मिळू नये असं वाटत होतं मला. तू घरी राहावीस म्हणून. झालं समाधान?" शेवटचं त्या नेहमीच्या ठसक्यात बोलायला गेल्या, पण ठसका काही जमेना.

सुनेने घड्याळाकडे बघितलं. मग खुर्ची ओढून समोर बसली. "विचारा. बसला अजून वेळ आहे."

"तुम्हाला... ही नोकरी का हवी?"

सुनेच्या पापण्या खाली येऊ लागल्या. तिने त्या निकराने वर केल्या आणि सासूच्या डोळ्यांत बघितलं. "दिवसभर माझ्याकडे परकी माणसं यायची. कुणी घाबरलेलं, कुणी वैतागलेलं. माझ्याशी दोन शब्द बोलून ती निवांत व्हायची. आता घरी एकच माणूस आहे. फार लाडकं आहे ते माझं. पण तेवढ्यावर नाही हो भागत."

हेडबाईंना मान खाली घालावीशी वाटली. पण आपण नजर काढली तर हिचीही मिटेल, म्हणून त्या तशाच बसून राहिल्या. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं, तरी पुसलं नाही.

"तिथे अस्संच बोल," त्या म्हणाल्या. "अगदी अस्संच. आता पळ, बस चुकेल."

सून धडाधड जिना उतरून गेली. हेडबाईंनी दार लावलं आणि रिकाम्या घरात मोठ्याने, मनापासून म्हणाल्या, "मिळू दे गं बाई तिला."