बिजली गाडीत चढते

सगळा बुधवारा मोहल्ला त्यांना उस्ताद म्हणायचा, पण ते नेमके कशाचे उस्ताद आहेत असं विचारलं की समोरचा डोकं खाजवायचा. कुस्ती ते कधी खेळले नव्हते. तबला त्यांना वाजवता येत नव्हता. त्यांच्या हाताखाली शिकून कुणी नाव काढलं, असंही ऐकिवात नव्हतं. त्यांच्याकडे लग्नाच्या वरातीची एक पांढरी घोडी होती, आणि तिच्याबद्दल, तुमच्या संसाराबद्दल, तुमच्या दातदुखीबद्दल ठाम मतं होती. मत मागावं लागत नसे. आमच्या बुऱ्हाणपुरात, त्यातून बुधवाऱ्यात, माणूस सकाळी उठतो तोच दुसऱ्याला सल्ला द्यायला. अशा मोहल्ल्यात जो उस्ताद ठरला तो किती बोलत असेल ते तुम्हीच बघा.

घोडीचं नाव बिजली. दुसऱ्या कुणाच्या हाती दिली तर मनात आलं तर चालायची, नाही तर भर रस्त्यात उभी राहून मागे रिक्षांची रांग लावायची. रस्त्याने ती उस्तादांच्या मागे, आणि फक्त त्यांच्याच मागे, मुकाट चालायची. पण एकदा कुणाच्या दारात उभी केली की खांब. तिथून हलवायची तर सगळा विधी लागे. उस्तादांना याचा कोण अभिमान! "भाऊ, साधी घोडी नाय ही. टिळा लावल्याबिगर, डाळ खाल्ल्याबिगर, बँड वाजल्याबिगर अन् पाठीवर नवरदेव बसल्याबिगर पाऊल उचलत नाय. मी शिकवेल आहे तिले." आता आमच्याकडे नवरदेव चढला की त्याची बहीण घोडीला भिजवलेली हरभऱ्याची डाळ चारते, लगाम धरून नेग, म्हणजे बहिणीच्या हक्काची भेट, मागते, मग वरात निघते. हजारभर वराती काढून घोडीला ते पाठ झालं, त्यात यांनी काय शिकवलं? पण असं तोंडावर म्हणायची सोय नव्हती. म्हटलं की अर्धा तास घोड्यांच्या स्वभावावर ऐकावं लागे.

उस्ताद स्वतः बिनलग्नाचे. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, आक्का. आक्का तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, आणि जिभेला भलतीच धार. उस्तादांना उस्ताद न म्हणणारी बुधवाऱ्यात ती एकटीच. "लोकाइची पोरं घोडीवर चढवता चढवता याचे केस पिकले," ती म्हणायची, "अन् हा पायीचा पायी."

माझं टेंट हाऊस त्यांच्या घरासमोर. मांडव, खुर्च्या, बिछायत आणि ते सगळं वाहायला एक पिकअप गाडी. त्यामुळे लग्नं गावाबाहेर सरकू लागली ते सगळ्यात आधी मला दिसलं. गल्लीतली वरात संपली. लग्नं लॉनवर गेली, केळीच्या मळ्यांशेजारी गेली, खेड्यांत गेली. मी गाडी काढून पोचायचो. उस्ताद मात्र बिजलीला घेऊन पायी निघायचे. निंबोल्याच्या एका लग्नाला ते पोचले तेव्हा नवरदेव मेव्हण्याच्या मोटारसायकलवर बसून केव्हाच मांडवात गेला होता आणि पहिली पंगत उठत होती. नवरदेवाचा बाप असा काही बोलला की मीच खुर्च्यांमागे तोंड लपवलं. उस्ताद शांत. "घाई त्याले होती," मला म्हणाले, "बिजलीले नव्हती." मी म्हटलं, उस्ताद, बिजलीचं लग्न नव्हतं ना!

तीन-चार वराती अशा हुकल्यावर इंदूरहून उस्तादांचा पुतण्या आला. घर त्याच्या बापाच्या नावावर, तबेल्याची जागाही त्याचीच. तो सरळ बोलला: घोडी गाडीतून खेड्यांत जाईल तर ठेवा, नाही तर खंडव्याचा एक बग्गीवाला तिला न्यायला तयार आहे. एवढं बोलून तो गेला. उस्ताद त्या दिवशी कुणाला एकही सल्ला न देता ओट्यावर बसून राहिले. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की या माणसाचं काही खरं नाही.

नेमकं त्याच आठवड्यात माझ्याकडे देडतलाईच्या लग्नाचं काम आलं. त्यांना मांडव हवा होता आणि पांढरी घोडी हवी होती. देडतलाई काही पायी जायचं गाव नव्हे. मी म्हटलं, "उस्ताद, आठ दिवस आहेत. माझी गाडी दारात उभी करतो, फळ्या लावून देतो. तिला चढायला शिकवा." उस्ताद हसले. "आठ दिवस कायले? उद्या सकाळी चढेल."

सकाळी अख्खा बुधवारा जमला. उस्तादांची पहिली पद्धत होती घोडीला समजावून सांगण्याची. तिच्या कानाशी तोंड नेऊन त्यांनी तिला अर्धा तास समजावलं. ती ऐकत ऐकत उभ्या उभ्या पेंगायला लागली. दुसऱ्या दिवशी तिच्या डोळ्यांवर पंचा बांधला. ती फळीपाशी खाली बसली ती दुपारपर्यंत उठलीच नाही. तिसऱ्या दिवशी काय तर म्हणे उलटी चढवायची, म्हणजे तिला कळणारच नाही. तिला चांगलं कळलं. ती उलट्या पावलांनी माझ्या गोदामात शिरली आणि नव्या गादीवर लीद टाकून बाहेर आली.

सल्ले तर असे की विचारू नका! न्हावी म्हणाला गूळ दाखवा, शाळेचे मास्तर म्हणाले घोडीच्या मनात भीती बसली आहे, आणि ज्याने आयुष्यात शेळीसुद्धा पाळली नाही तो शिंपी मला फळीचा कोन शिकवायला लागला. उस्ताद सगळ्यांना उत्तरं देत मागून घोडीला ढकलत होते. पाचव्या दिवशी माझं डोकं सटकलं. "उस्ताद, मागून काय ढकलता? ती तुमच्या मागे चालते ना? मग तुम्ही आधी चढा की गाडीत!"

उस्तादांनी तोंड फिरवलं. पंचा झटकायला लागले. ओट्यावरून आक्का म्हणाली, "तो कसला चढतो! गाडी लागते त्याले."

मग तिने सगळ्यांसमोर जुनी गोष्ट काढली. तरुणपणी उस्ताद मुलगी पाहायला बसने रावेरला गेले होते. बसमधून उतरले, होणारे सासरे हात जोडून पुढे आले, आणि उस्ताद थेट त्यांच्या धोतरावर ओकले. सोयरीक तिथेच मोडली. त्या दिवसापासून त्यांनी बायकोचंही नाव काढलं नाही आणि मोटारीचंही. पन्नास माणसं पोट धरधरून हसली. मी सगळ्यात जास्त हसलो, हे कबूल करतो.

"सोता चढत नाय, अन् तिले कायले सांगू राहिला?" आक्का खाली उतरत म्हणाली. "अन् टिळा कुठे आहे? डाळ कुठे आहे? तूच शिकवेल ना तिले? मंग तशीच बोलव ना!"

इतक्या शहाण्या माणसांत ही साधी गोष्ट कुणालाच सुचली नव्हती. मागच्या गल्लीतून बँड मास्तरला बोलावलं, तो चार वाजंत्री घेऊन आला. कुंकू आलं, डाळ भिजत घातली. डाळ फुगल्यावर आक्का ती वाटीत घेऊन उभी राहिली आणि एकदम मागे सरली. "कोणा सवाष्णीले बोलवा," म्हणाली. आमच्याकडे अशा कामाला विधवेचा हात लागू देत नाहीत, आणि एवढ्या फटकळ बाईलाही ते कुणी विसरू दिलं नव्हतं. उस्ताद तिच्याकडे गेले. "बहीण तू आहे ना माझी? दुसरी कुठून आणू?" उस्तादांच्या नाना वाक्यांच्या मी नकला केल्या आहेत. या वाक्याची कधी केली नाही.

आक्काने टिळा लावला, डाळ चारली. बँड वाजला. बिजलीने कान टवकारले, मान ताठ केली, फळीपर्यंत डौलात आली, आणि थांबली. मान वळवून स्वतःच्या पाठीकडे बघू लागली. पाठ रिकामी होती.

"नवरदेव पाहिजे तिले," बँड मास्तर म्हणाला.

गर्दीतली सगळी लग्न झालेली माणसं एक पाऊल मागे सरली. राहिले उस्ताद. साठी उलटलेले, गुडघे दुखणारे, हजार नवरदेवांना हात देऊन चढवणारे आणि स्वतः एकदाही न बसलेले. माझ्या गोदामातला फेटा मी त्यांच्या डोक्यावर बांधला. दोघांनी धरून वर चढवलं. चेहरा असा झाला होता की खरंच लग्न आहे आणि मुलगी पसंत नाही! आक्काने लगाम धरला. "माझा नेग?"

"काय पाहिजे?"

"देडतलाईले तू तिच्यासंगं गाडीत जाशील. पायी नाय, घरी बसून नाय."

उस्तादांनी डोळे मिटले. "जाईन," म्हणाले. आक्काने लगाम सोडला, आणि बिजली तापीवर पाणी प्यायला उतरावी तितक्या सहज फळ्या चढून गाडीत जाऊन उभी राहिली.

देडतलाईपर्यंत उस्ताद मागे तिच्या गळ्याला मिठी मारून उभे होते आणि दर दोन-तीन कोसांवर मला गाडी थांबवावी लागत होती. घोडी राणीसारखी उभी, आणि उस्ताद हळद लागल्यासारखे पिवळे. पण वरात वेळेवर निघाली. पुतण्याला मी स्वतः फोन करून सांगितलं. बिजली राहिली.

एक मात्र झालं. त्यानंतर दर खेपेला तिला तेच सगळं लागायचं. टिळा, डाळ, बँड, फेटा बांधलेले उस्ताद, लगाम धरलेली आक्का. बँड वाजला की लोक दुकानातून डोकावून म्हणायचे, "चला, उस्तादचं लग्न लागलं." दोन हंगामांत या बिनलग्नाच्या माणसाची इतकी लग्नं झाली की अख्ख्या बुऱ्हाणपुरात कुणाची झाली नसतील. ओकणं शेवटपर्यंत थांबलं नाही. "सवय होऊ राहिली," ते म्हणायचे. काही होत नव्हती.

गेल्या हिवाळ्यात त्यांना खोकला धरला. बरा होईना, श्वास लागायला लागला. डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. दारात रुग्णवाहिका आली आणि उस्ताद ओट्यावर खांब होऊन उभे राहिले. एक पाऊल हलेनात. सगळे समजावून थकले. आक्का आत गेली, येऊन त्यांच्या कपाळाला टिळा लावला, तळहातावर चिमूटभर डाळ ठेवली. उस्तादांनी डाळ खाल्ली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बँड?" चारचौघांत, भर रस्त्यात, मी तोंडाने ढमढम वाजवलं. ते हसले आणि चढले. परत आले नाहीत. ज्या माणसाची मी उभा जन्म टिंगल केली, त्याच्यासाठी मी इतका रडेन असं मला वाटलं नव्हतं.

तेरावा झाला आणि पुतण्याने खंडव्याच्या बग्गीवाल्याला पाठवलं. आक्का नाही कशी म्हणणार? राहत्या घराचं छप्पर त्याचं. ती ओट्यावर बसून होती, पदराच्या टोकाला काहीतरी गाठ मारलेलं. बग्गीवाल्याने गाडी लावली, फळ्या टाकल्या, बिजलीला आणून उभी केली. बिजली खांब.

त्याने ओढली, ढकलली, गूळ दाखवला, डोळे बांधले. ती खाली बसली, उठली, पुन्हा बसली. "भैया, ये चढती कैसे है?" त्याने न्हाव्याला विचारलं. न्हावी वस्तऱ्याला धार लावत बसला. मास्तरांना विचारलं, मास्तर वर्तमानपत्रात बुडाले. शिंप्याला एकाएकी ऐकू येईना. पन्नास माणसं जमली होती, सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि बुधवाऱ्याने जन्मात पहिल्यांदा कुणाला सल्ला दिला नाही. मध्येच मागच्या गल्लीत कुणीतरी तुतारी फुंकून बघितली. बिजलीचे कान उभे राहिले, एक पाय फळीवर आला. बँड मास्तर चपला न घालता गल्लीत पळाला आणि तुतारी बंद झाली. बिजलीने मान वळवून रिकाम्या पाठीकडे पाहिलं आणि पाय खाली घेतला.

दिवस मावळायला आला तेव्हा बग्गीवाल्याने हात टेकले. त्याने पुतण्याला फोन लावला, असली घोडी फुकट दिली तरी नको म्हणाला, आणि फळ्या उचलून गाडीत आपटल्या. मग घाम पुसत माझ्याकडे वळला. "इसको सिखाया किसने है?"

"उस्ताद ने," मी म्हणालो.

त्याची गाडी वळणाआड गेल्यावर आक्काने पदराची गाठ सोडली. आत भिजवलेली डाळ होती. बिजलीने ती आक्काच्या हातातून सावकाश खाल्ली आणि कुणी न सांगता तबेल्याकडे चालू लागली.