मोराचा साचा

साखरपुड्यानंतरच्या पहिल्या होळीला मी माझ्या होणाऱ्या बायकोला मुंडकी नसलेल्या मोरांचा हार पाठवला. नजरचुकीने नव्हे. मुंडकी नाहीत हे मला हार बांधताना स्वच्छ दिसत होतं.

तेव्हा मी नंदुरबारला शाळेत चित्रकला शिकवत होतो. म्हणजे पोरं तांब्या काढत आणि मी खिडकीबाहेर बघत असे. शाळा सुटली की पाय आपोआप बाजारामागच्या हलवायाच्या कारखान्याकडे वळत. हा हलवाई मूळचा राजस्थानचा. सगळं गाव त्याला महाराज म्हणे. महाशिवरात्र झाली की त्याच्याकडे होळीच्या हार-कंगनांचं काम सुरू होई. हार गळ्यात, कंगन मनगटात, दोन्ही साखरेचे. आमच्याकडे लग्न ठरलेल्या मुलीला पहिल्या होळीचं हार-कंगन सासरहून जातं आणि ते अख्खं पोचावं लागतं. एखादं पान तुटलेलं निघालं तरी बायका त्यावर बोट ठेवून एकमेकींकडे बघतात.

त्या कारखान्यात बसलं की मला जागेपणी झोप लागल्यासारखं होई. तांब्याच्या कढईत पाक खदखदत असे. महाराज त्यात थोडं दूध सोडी, मळी वर येई, ती काढली की खालचा पाक काचेसारखा. सागवानी साचे पाण्याच्या हौदात भिजत पडलेले असत, पाण्यातून बाहेर पाठ काढून बसलेल्या म्हशींसारखे. साच्याचे दोन भाग, मध्ये दोरा ठेवायचा, सुतळीने आवळायचं आणि तोटीच्या भांड्याने वरून पाक सोडायचा. थोड्या वेळाने सुतळी सोडली की आत दोऱ्यात ओवलेली पांढरी फुलं. वाफेत सगळं धूसर दिसे. भिंतही गोड असावी असं वाटे. एकदा मी चाटून पाहिली, नव्हती.

त्याच सुमारास मिशनच्या दवाखान्यातल्या मडमबाईंनी मला एक पाटी रंगवायला बोलावलं. बाई वयाने मोठ्या, कुठल्याशा बर्फाच्या मुलखातून तरुणपणी आलेल्या. पाटी वाळेपर्यंत त्यांनी मला चहा दिला आणि एक पत्र्याची पेटी उघडली. आत कापडात गुंडाळलेले लाकडी साचे होते. घोड्यावरचा स्वार, फुलांची परडी, आणि शेपटी पसरलेला एक पक्षी. नखाएवढ्या पिसावर केसाएवढ्या रेघा.

बाई थांबत थांबत मराठी बोलत. हे लाकूड नासपतीचं, घट्ट, त्याला रेषा सोसते. त्यांच्या आईच्या आईकडून आलेलं. त्यांच्याकडे मिठाई करणारा कारागीर आपले साचे हिवाळ्यात स्वतःच कोरी. बाहेर बर्फ, आत शेकोटी, मांडीवर लाकूड. फार जुन्या काळी तिकडे साखर औषधवाल्याच्या दुकानात मिळे, चिमूटभर, खोकल्यावर. मग श्रीमंतांच्या घरी तांब्याचे साचे आले, त्यानंतर कडीने मिटणारे पत्र्याचे ससे आणि मासे. पण लाकडाचे साचे गरिबाघरीही असत. सणाला त्यात गोड पीठ दाबायचं, चित्र उठलं की दिवसभर वाळू द्यायचं आणि भाजायचं. लग्नात नवरीबरोबर साचा जाई.

गोड पीठ. हे शब्द माझ्या कानावर पडले होते, हे मी आज शपथेवर सांगतो. पण मी तेव्हा तो पक्षी तळहातावर दाबून पाहत होतो. साचा उचलला तर हातावर पक्षी उमटला होता, पिसांसकट. तो हळूहळू पुसट होत गेला आणि मी त्या बर्फाच्या मुलखात शेकोटीपाशी बसलो होतो. नवरीबरोबर साचा जातो एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

मला मुलगी बघायला गेलो तो दिवस आठवला. प्रकाशा तीर्थाच्या पुढे तापीकाठी त्यांचं गाव, घरची केळी-कापसाची शेती. ती पोहे घेऊन आली, माझ्या बोटांवरच्या शाईकडे तिने बघितलं आणि हसू दाबलं. तेवढंच. पण त्या दाबलेल्या हसण्यावर मी तीन महिने जगत होतो. अशा मुलीच्या गळ्यात बाजारातली ठोकळेबाज पानं-फुलं घालायची? मी मोर कोरायचं ठरवलं.

सुताराकडून सागाचे तुकडे आणले, पटाशी आणली, पंधरा दिवस कोरलं. एका साच्यात ओळीने सात मोर, प्रत्येक मान वळवून मागे बघणारा. मान भरीव दिसावी म्हणून मी पटाशी तिरकी घालून लाकूड आतून पोखरलं. तोंड अरुंद, पोट रुंद. मला वाटलं, मडमबाईंच्या मुलखातले कारागीर बघतील तर शेकोटीवरून उठून येतील.

महाराजने साचा हातात घेतला, मानेच्या खाचेत करंगळी घातली आणि परत दिला. म्हणाला, "मास्तर, इसमें साखर जाएगी, आएगी नहीं." त्याचे स्वतःचे साचे उथळ आणि ठोकळेबाज का होते, ते या एका वाक्यात होतं. त्याला मोर येत नव्हता असं नव्हे. साखरेला मोर येत नाही हे त्याला ठाऊक होतं. मी मात्र त्याला कला समजत नाही असं मनात म्हणालो, आणि तोंडानेही थोडं म्हणालो.

होळीच्या दिवशी सकाळी त्याने माझ्या हट्टापायी पाक ओतला. सुतळी सोडली. पिसारे आले, पोटं आली, पाय आले. सातही मुंडकी साच्यात. साचा गरम पाण्यात बुडवून ती विरघळवली, दुसऱ्यांदा ओतला, पुन्हा तेच. बाहेर मामा हार न्यायला उभे, एसटीची वेळ झालेली. महाराजने आपला एक साधा हार पुढे केला. मी नको म्हणालो. गळ्यात घातल्यावर मुंडक्यांकडे कोण बघतं, लांबून कैरीसारखं दिसेल, असं म्हणून मी तोच हार पुठ्ठ्याच्या खोक्यात भरला.

दोन दिवसांनी मामा पुन्हा त्या गावाला जाऊन निरोप घेऊन आले. मुलीचे मोठे काका म्हणत होते, लग्नाआधीच आमच्या मुलीच्या गळ्यात मान तोडलेली पाखरं घालता, हा कसला शकुन. रंगपंचमीपर्यंत खुलासा आला नाही तर साखरपुडा मोडला समजा. आई एवढंच म्हणाली, "मन्हा आंडोर शिकेल शे, असं मी सांगेल व्हतं त्यास्ले." आपला मुलगा शिकलेला आहे असं तिने त्या लोकांना सांगितलेलं, ते वाक्य अजून माझ्या बरगडीत आहे.

रंगपंचमीच्या आदल्या दिवशी मी पिशवीत धुतलेला साचा घातला आणि निघालो. महाराजने न विचारता एक अख्खा हार कापडात बांधून दिला. प्रकाशापर्यंत एसटी, पुढे काठाने पायी. दुपारचं ऊन तापीवर पसरलं होतं, पाणी मुरलेल्या पाकासारखं जड आणि चकाकतं. मी चालतोय की नदी चालतेय, कळेना. बोलायचं काय, ते मनात जुळवत होतो; दर वळणावर एक वाक्य गळून पडत होतं. पोचलो तेव्हा एकही उरलं नव्हतं.

ओसरीवर काका बसले होते, शेजारी मुलीचे वडील, आणि दाराशी कणकेने भरलेल्या हातांची मुलीची आत्या. मी महाराजचा हार आणि साचा पुढे ठेवला आणि सांगितलं की शकुन-बिकुन काही नाही, मान आत अडकली, चूक माझी, हलवायाने आधीच बजावलं होतं. काका साचा उलटा धरून बघू लागले. त्यांचा विश्वास बसला नव्हता. त्यांना वाटत होतं, मोरांना मुळात मुंडकीच कोरलेली नाहीत.

आत्या पुढे आली. हातातला कणकेचा गोळा तिने साच्यातल्या एका मोरात दाबला, कडेने अंगठा फिरवला, आणि हळूच वाकवत काढला. तिच्या तळहातावर मोर होता. पिसारा, पाय, आणि मान वळवून मागे बघणारं डोकं, तुरा सुद्धा.

तेव्हा कुठे मला मडमबाईंचं गोड पीठ आठवलं. मी पंधरा दिवस खपून कणकेचा साचा कोरला होता आणि त्यात पाक ओतला होता. हेही मी मोठ्याने सांगून टाकलं. काकांनी मोराकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्यांची मिशी हलली. दाराआडून बांगड्या वाजल्या. कोणीतरी हसू दाबत होतं आणि या वेळी ते नीट दाबलं जात नव्हतं. वडिलांनी महाराजचा हार उचलून आत दिला.

आत्याने मोर परत गोळ्यात मळला आणि आतल्या चुलीकडे मान करून काकांना म्हणाली, "लगीन लायी द्या, भाऊ. पन ह्या पाव्हनाले चुल्हाजोडे बसू देऊ नका."