आम्ही गवंडी, मास्तर होताना

भिंत बांधताना विटांचे तुकडे पडतात. संध्याकाळी झाडून काढले तरी सकाळी दोन-चार पायाखाली येतातच. आमच्या ट्रेनिंगच्या गोष्टींचं तसंच आहे. कुणी विचारलं की एक सांगायला जाते आणि मागून सहा निघतात. हसवणाऱ्या कमीच.

जव्हारला सहा महिन्यांचं ट्रेनिंग होतं. गवंडीकाम शिकायचं नव्हतं, ते आम्हाला येतच होतं. शाळेतल्या मुलांना ते शिकवायचं कसं, हे शिकायचं. दहा बाप्ये गवंडी आणि एक मी, सातवी पास. ट्रेनिंग पास झाले तर आश्रमशाळेच्या वर्कशॉपमध्ये काम आणि रोज दाभोशाला घरी. नापास झाले तर दिवाळीनंतर तीन वर्षांच्या लेकीला घेऊन परत वसईकडे साइटवर. माझा नवरा तिथेच परांचीवरून पडला. परांची म्हणजे बांबू बांधून केलेला माळा, त्यावर उभं राहून वरची भिंत बांधतात. दीड वर्ष झालं, तो खाटेवर आहे.

* * *

पहिल्या दिवशी सरांनी कागद वाटले. तुम्हाला काय काय येतं ते लिहा म्हणाले. मोखाड्याचे काशिनाथकाका आमच्यात सगळ्यात मोठे, जन्म थापी धरण्यात गेलेला. त्यांचा कागद कोराच.

सरांनी समजुतीनं विचारलं, "काका, काहीच येत नाही का?"

काका म्हणाले, "ही मागची भिंत माझ्या हातची आहे. ती वाचा."

सर उठून भिंतीपाशी गेले, वरपासून खालपर्यंत हात फिरवला. मग काकांचा कागद सरांनीच भरला.

* * *

मास्तरकीचा पहिला नियम असा की मुलाचं चुकलं तरी आपण हात लावायचा नाही, त्याची चूक त्याला बघू द्यायची. गवंड्याला हे जमणार कसं? वाकडी वीट दिसली की हात आपोआप जातो.

पहिल्या सरावाला एका शाळेतली मुलं आणली होती. दोन तासांत अकरा भिंती उभ्या, एकदम ओळंब्यात. सगळ्या आम्हीच बांधलेल्या! मुलं रांगेत उभी राहून बघत होती.

दुसऱ्या दिवसापासून हुकूम निघाला, शिकवताना हात मागे. काकांचे तरी सुटायचे, म्हणून त्यांनी ते टॉवेलनं बांधून घेतले. समोरच्या पोराची वीट वाकडी बसली आणि काका जागच्या जागी असे काही कळवळले की पोरगं काम सोडून म्हणालं, "काका, लघवीला जायचंय का?"

* * *

सरावाच्या भिंती सिमेंटमध्ये नाही, मातीत बांधायच्या. संध्याकाळी पाडायच्या आणि विटा पुसून रचून ठेवायच्या, उद्या परत लागतात. काकांना पाडणं जमेना. बांधलेली पाडायची असते हे मला कुणी शिकवलं नाही म्हणाले. म्हणून त्यांची भिंत मी पाडायचे.

मला सवय होती. साइटवर बिल्डिंग उभी राहिली की आमची खोली पहिली पाडतात. लेकीनं जी भिंत धरून पहिलं पाऊल टाकलं, तिच्या विटा मीच डोक्यावरून वाहिल्या होत्या. हे मी सहज बोलता बोलता काकांना सांगितलं. काका तंबाखू मळत बसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी हात धुऊन येते तो त्यांनी दोन्ही भिंती पाडलेल्या. त्यांचीही आणि माझीही.

* * *

शिकवायच्या आधी पाठाचं टाचण लिहायचं असतं. त्यात "धोके" असा एक रकाना. तिथे तीन धोके लिहायचे. मी चार पानं लिहिली. खिळा, सळई, उघडी टाकी, लोंबती वायर, डोळ्यात चुना, वरून सुटलेली वीट, आणि विटांच्या ढिगाआड झोपवलेलं मूल.

सर म्हणाले, "ताई, एवढं ऐकून पोरं घरी पळून जातील."

मी म्हणाले, "पळू द्या सर. धडधाकट तरी पळतील."

* * *

घरी सरावाला वर्ग कुठून आणणार? नवऱ्यालाच विद्यार्थी केलं. खरं तर थापी धरायला मला त्यानंच शिकवलं. खाटेशेजारी फळी टाकून त्यावर विटा मांडायच्या, फळा म्हणजे घराचं दार. तो मला "बाई" म्हणायचा आणि मुद्दाम चुकायचा, मला विचारता यावं म्हणून.

एकदा विटांचा सांधा त्याचा खरंच चुकला. मी हात मागे धरून विचारलं, "काय चुकलं, बघा बरं."

तो बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, इथून दिसत नाही. उठून बघावं लागेल."

लेक पायाशी बसली होती. ती म्हणाली, "मग ऊठ ना, बाबा."

त्या दिवशीचा तास तिथेच संपला. एकूण बारा पाठ होते, अकरा मी त्याच्यासमोर म्हटले. परांचीचा नाही म्हटला. त्यानंही कधी म्हण म्हटलं नाही.

* * *

शेवटच्या परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. चिठ्ठी उचलायची, निघेल तो पाठ मुलांना शिकवायचा. माझी चिठ्ठी निघाली परांचीची.

सांगत गेले. बांबू कसा निवडायचा, काथ्याचा दोर आधी पाण्यात कसा भिजवायचा, ओला बांधला की वाळताना कसा आवळतो. मग मुलं गाठी मारायला बसली. बादलीत दोर भिजत होते, पण मुलांना घाई. चार-पाच जणांनी कोरडेच उचलले. हात लावायचा नव्हता, म्हणून मी नुसतं विचारलं, दोर भिजवलेत का?

एक मुलगी गाठ ओढून दाखवत म्हणाली, "कोरडाही घट्ट बसतोय की, बाई. तुम्ही कधी बांधला नाही का कोरडा?"

सर मागे उभे होते. काशिनाथकाका दारात होते. परीक्षक वहीत लिहीत होते. मास्तरानं स्वतःची चूक वर्गात सांगावी असं टाचणात कुठे नव्हतं, आणि ही तर मी घरीही कधी सांगितली नव्हती.

मी म्हणाले, "बांधला. एकदा. दोर भिजवायला निघाले होते, तेवढ्यात लेक रडायला लागली. तिला घेऊन बसले. मग उशीर झाला म्हणून तसाच बांधला. घट्टच बसला होता."

"मग?"

"मग माझा नवरा वर चढला."

परीक्षकांचं पेन थांबलं. त्या मुलीनं खाली मान घालून आपली गाठ सोडली, दोर बादलीत बुडवला आणि बादलीपाशी उकिडवी बसून राहिली. तिच्यामागून एकेक करत बाकीची मुलं उठली. ज्यांचे दोर ओले होते, त्यांनीही गाठी सोडल्या.