गॅब्रिएलने वाजवलेली घंटा

माझा दीर गॅब्रिएल वेडा नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गिरीजपासून स्टेशनपर्यंत कुणालाही विचाराल तर तो हेच सांगेल की रेजिनाचा तो दीर, तो घंटावाला, डोक्याने जरा सरकलाय. सरकले असतील हे सांगणारे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्याच्या शेजारी, एका भिंतीआड राहतेय. माझा नवरा गेला तेव्हा माझ्या मुलांना यानेच बघितलं. त्याचं डोकं कसं चालतं ते मला ठाऊक आहे.

त्याची एकच खोड होती, पेपर. मुंबईत विमा कंपनीत कारकून होता. पुढे कंपनीने पैसे देऊन माणसं कमी केली, त्यात हाही घरी बसला. बसला म्हणजे ओट्यावर, पेपर घेऊन. पेपरात आलं की काम होतं, अशी त्याची श्रद्धा. चर्चमध्ये डुलक्या काढायचा, पण अग्रलेख वाचताना पाठ ताठ. आमच्या आळीतला दिवा गेला, गटार तुंबलं, की हा म्हणायचा, "वहिनी, पेपरला कळवतो." मार्था, म्हणजे त्याची बायको, आतून ओरडायची, "आधी गॅसवाल्याला कळवा."

सकाळी शाळेत जाणारी पोरं याच्या ओट्यावरून जायची. त्यातली जीना थांबायची. तिची आई बाजारात भाजी विकते, बापाचं नाव न घेतलेलं बरं. ही पोर तिसरीत, पायांत मोठ्या बहिणीच्या चपला, आणि वाचायला इतकी हावरी की विचारू नका. गॅब्रिएल पेपर तिच्यापुढे धरायचा आणि ती मथळे खणखणीत वाचायची. एखादा शब्द अडला की हा मुद्दाम गप्प बसायचा. ती अडखळत, पुन्हा पुन्हा करत शब्द फोडायची आणि मग अशी हसायची की मार्थासुद्धा चहा टाकायचा सोडून बाहेर यायची. "ही कलेक्टर होणार," हा रोज म्हणायचा. मी म्हणायचे, "आधी चपला तरी होऊ देत तिला."

आता शाळेचं सांगते. आळीची शाळा जुनी, मराठी, चौथीपर्यंत. आळीतलेच लोक मंडळ करून चालवायचे. मंडळाचा अध्यक्ष क्लेमेंट, आमच्याच नात्यातला, गोड बोलणारा. शाळेमागे बावखल होतं. आमच्या प्रत्येक वाडीत असायचं असं गोड्या पाण्याचं लहानसं तळं, त्यावर केळी जगायच्या. मग बिल्डिंगी आल्या, टँकर आले, आणि लोकांना बावखल म्हणजे डासांचं घर वाटायला लागलं. एका बिल्डरने मंडळाला सांगितलं, आम्ही भराव टाकून देतो, वर वर्गही बांधून देतो, मागची पट्टी तेवढी आम्हाला रस्त्याला द्या. क्लेमेंटने पेढे वाटले. मीही खाल्ला, खोटं कशाला बोलू.

भराव टाकायला कामणकडून डंपर यायचे. एका डंपरचा ड्रायव्हर काळूराम आमच्या ओट्यावर पाणी प्यायला थांबायचा. एक दिवस तांब्या खाली ठेवून म्हणाला, "बाबा, आमी टाकतो नि ते गिलतं. काल टाकलेला आज दिसत नाय. खाली पानी जित्तं हाय." गॅब्रिएल तसाच उठून क्लेमेंटकडे गेला. क्लेमेंटने त्याला खुर्ची दिली, सरबत दिलं आणि म्हणाला, "डंपरवाल्याचं ऐकून आपण इंजिनिअर व्हायचं का?"

वर्ग झाला. निळा रंग, नवे बाक, बाहेर बिल्डरच्या नावाची पाटी. तिसरीचा वर्ग तिथे बसवला. पहिल्या पावसाळ्यानंतर सुझान टीचर, जी तिसरीला शिकवायची, मला म्हणाली की बाकावर पेन्सिल ठेवली की ती घरंगळत एकाच कोपऱ्याकडे जाते. पोरांनी त्याचा खेळ केला होता. फरशीखालून बेडूक ओरडतात म्हणूनही पोरं हसायची. कोपऱ्यातल्या भिंतीला भेग गेली, ती बुजवली. पुन्हा गेली, पुन्हा बुजवली. तिसऱ्यांदा त्या भेगेत गॅब्रिएलची बोटं आत जायला लागली. त्याने मला नेऊन दाखवलं. मी हात घातला तर आतून गार वारा लागला. भिंतीच्या आतून वारा.

त्या दिवसापासून या माणसाची झोप गेली. त्याला एवढंच हवं होतं, भिंत पडायच्या आधी पोरं त्या वर्गातून बाहेर यावीत. जुन्या व्हरांड्यात बसवा म्हणाला, झाडाखाली बसवा म्हणाला. मंडळाने सांगितलं, तपासणी येणार आहे, नवा वर्ग रिकामा दिसला तर बरं दिसणार नाही. पालकांकडे गेला तर बिल्डिंगीतले म्हणाले, आम्ही भाड्याने राहतो, आम्ही कशाला बोलायचं. आळीतले म्हणाले, क्लेमेंटशी वाईटपणा कोण घेईल, त्याच्या घरी लग्न आहे. आमच्या लोकांना लग्नाचं आमंत्रण चुकलेलं चालत नाही, बाकी सगळं चालतं. सुझान टीचरची नोकरी पक्की नव्हती. ती बिचारी पोरांना कोपऱ्यापासून लांब, दाटीवाटीने बसवायची आणि शिकवताना डोळे भिंतीकडे.

मग गॅब्रिएल आपल्या देवाकडे गेला, म्हणजे पेपरकडे. इथल्या एका दैनिकाचा वार्ताहर होता, जितेंद्र. चांगला मुलगा, वाकून बोलणारा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, पण यात बातमी काय? भिंत पडली का?"

"पडणार आहे."

"मग पडली की लगेच फोन करा. कितीही वाजता करा."

गॅब्रिएलने हे मला ओट्यावर उभ्यानेच सांगितलं. त्या आठवड्यात त्या पेपरच्या पहिल्या पानावर कुठल्याशा पुढाऱ्याचा वाढदिवस होता. पानभर चेहरा. त्याच सुमारास टीव्हीवाल्यांची एक गाडीही आमच्या रस्त्याला आली. मालिकेतल्या एका नटाचा कुत्रा समुद्राकडच्या रिसॉर्टमधून हरवला होता. गॅब्रिएलने त्या कॅमेरावाल्याचा हात धरून म्हटलं, दोन मिनिटं शाळेत चला. तो म्हणाला, बॅटरी संपत आलीय अंकल. कुत्रा सापडला, तो मात्र रात्रीच्या बातम्यांत दाखवला. गॅब्रिएलने टीव्ही बंद केला, प्लग काढला आणि वायर गुंडाळून ठेवली. मला त्याची भीती वाटली त्या दिवशी.

"वहिनी," तो म्हणाला, "ही माणसं कशाला घराबाहेर येतात?"

मी रागातच होते. म्हटलं, "मयताला येतात. दुसऱ्या कशाला येणार?"

आमच्याकडची रीत सांगायला हवी. कोणी गेलं की चर्चची घंटा सावकाश वाजते. एक ठोका, मग थांबायचं, आवाज विरला की दुसरा. ती ऐकली की बायका गॅस बंद करतात, वाडीतला माणूस फावडं टाकतो, सगळे क्रूसाची खूण करतात आणि प्रत्येक घरातून एकजण चर्चच्या अंगणात जातो, कोण गेलं ते विचारायला. शेजाऱ्याशी बोलणं बंद असलं तरी जातो. आळीत फ्लॅट आले, मोबाइल आले, तरी ही रीत मोडली नाही.

जुलै महिना होता, शाळेचा दिवस, उजाडल्यापासून सारखा पाऊस. सकाळी अकराच्या सुमाराला घंटा वाजायला लागली. मी मासे धूत होते. हात तसेच पुसून निघाले. वाटेत प्रत्येक दारातून छत्री बाहेर पडत होती. घंटा वाजवणारा आल्बर्ट आमच्या बरोबरच चालत होता, त्याचा चेहरा पांढरा पडलेला. "मी इथे आहे, मग दोरीवर कोण आहे?" असं स्वतःशीच बोलत होता.

दोरीवर गॅब्रिएल होता. नखशिखांत भिजलेला. अंगण भरलं तेव्हा त्याने दोरी सोडली. क्लेमेंट पुढे झाला, हळू आवाजात म्हणाला, "कोण गेलं, गॅब्रिएल?"

"अजून कोणी नाही," हा म्हणाला. "जाणार आहेत त्यांची नावं सांगतो."

आणि त्याने तिसरीच्या वर्गाचा पट म्हटला. तोंडपाठ होता त्याला, सगळी पोरं ओट्यावरूनच जायची. मेलरॉय. अनुष्का. हर्षवर्धन. उन्नती. फादर मयताची सूचना वाचतात तसा, एका सुरात, प्रत्येक नावानंतर थांबत. त्या नावांच्या आया तिथेच उभ्या होत्या हो. आमच्याकडे जिवंत माणसाचं नाव मयताच्या घंटेमागून घेणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. शेवटी तो म्हणाला, "जीना." तिची आई बाजारातून टोपली घेऊन तशीच आली होती. तिने टोपली खाली ठेवली, पुढे गेली आणि त्याच्या थोबाडीत मारली. कोणी तिला अडवलं नाही. मीही नाही. तो गाल धरून एवढंच म्हणाला, "भिंत बघून या. एकदा जाऊन बघा."

बघायला कोणी गेलं नाही. मात्र त्याच दुपारी आया शाळेत घुसल्या आणि आपापली पोरं ओढून घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी तिसरीचा वर्ग रिकामा. त्याच्या दुसऱ्या दिवशी बाकीचेही. भिंतीचं नाव कोणाच्या तोंडी नव्हतं. शाळेला अभद्र लागलंय, एवढंच. आणि आता जितेंद्रला बातमी मिळाली. तो धावत आला, गॅब्रिएलला शाळेसमोर उभा करून फोटो काढला. दुसऱ्या दिवशी छापून आलं, 'चर्चची घंटा वाजवून मृत्यूची अफवा, निवृत्त कारकुनाचा प्रताप'. फोटोत मागची भिंत होती, पण भेगेची बाजू कापलेली. गॅब्रिएलने तो पेपर दोनदा वाचला आणि घडी घालून मार्थाला दिला, पोळपाटाखाली घालायला. त्यानंतर आमच्याकडे पेपर आला नाही.

क्लेमेंटने महिनाभर वाट बघितली. पोरं येईनात तेव्हा मंडळाने शाळेला कुलूप लावलं. आणि ऑगस्टमध्ये, एका मंगळवारी भर सकाळी, शाळेची प्रार्थना व्हायची त्या वेळेला, तो निळा वर्ग खाली बसला. मी आवाज ऐकला. धाडकन नाही झाला. कोणीतरी मोठा श्वास घ्यावा तसा झाला, मग पत्रे वाजले. जाऊन बघितलं तर भिंत आडवी पडलेली, खाली बाकांचा चुरा, आणि कोपऱ्यातून पाणी वर येत होतं, काळं, हळूहळू. बावखल परत आलं होतं. अंगणात सुझान टीचर उभी होती. ती रडत नव्हती, नुसती बोटांवर नावं मोजत होती.

गॅब्रिएलने जितेंद्रला फोन केला. कितीही वाजता करा म्हणाला होता ना. मी शेजारीच उभी होते, पलीकडचं ऐकू येत होतं.

"किती गेले, काका?"

"कोणी नाही."

"जखमी?"

"नाहीत."

"बरं झालं," जितेंद्र म्हणाला आणि फोन ठेवला. आतल्या पानावर चार ओळी आल्या म्हणे. त्यांत लिहिलं होतं की शाळा मंडळाने प्रसंगावधान राखून इमारत आधीच बंद केल्यामुळे अनर्थ टळला. क्लेमेंटने ते कात्रण फ्रेम करून लावलंय. लाज असायला हवी होती थोडी, पण ती कुठून आणायची? आणि आळीत काय बोलतात? याच्या जिभेनेच भिंत पाडली, असं बोलतात. आजही बायका पोरांना त्याच्या ओट्यावरून जाऊ देत नाहीत, लांबच्या बाजूने नेतात.

मला वाटलं होतं, हा खचेल. पण नाही. तो शांत होता. मला म्हणाला, "बोलू देत, वहिनी. पोरं आहेत ना." त्या एका गोष्टीवर तो जगत होता. बिल्डिंगीतली पोरं इंग्रजी शाळांत गेली. मेलरॉयला त्याच्या बापाने स्टेशनजवळ घातलं, रिक्षा लावली. गॅब्रिएल सगळ्यांची खबर ठेवायचा, दुरूनच. फक्त जीनाची त्याला मिळाली नव्हती. तिच्या आईच्या दारात जायची सोय राहिली नव्हती.

ख्रिसमसच्या आधी मी त्याला बाजारात घेऊन गेले, पिशव्या धरायला. भाजीच्या रांगेत जीना बसली होती, आईच्या जागेवर, एकटी. आई चहाला गेली असावी. शाळेची वेळ होती. पोर केवढी मोठी दिसत होती, ओढणी वगैरे घेतलेली. अळूची पानं जुन्या पेपरात गुंडाळत होती, पेपराकडे न बघता. गॅब्रिएल तिच्यासमोर उकिडवा बसला. इतक्या महिन्यांत त्याला मी असं हसताना बघितलं नव्हतं.

"कुठल्या शाळेत घातलं तुला?" त्याने विचारलं.

"नाही घातलं."

"का गं? मी बोलतो आईशी. फी मी भरतो. रिक्षाही लावू."

ती त्याच्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे, मोठी माणसं लहानांना समजावतात तसं बघत म्हणाली, "तसं नाही, अंकल. घंटा वाजली ना माझ्या नावाची. वाजलेली घंटा परत घेता येत नाही, आई म्हणते. म्हणून तिने शाळेतली जीना घंटेला देऊन टाकली. ती गेली. आता मी शाळेत गेले तर मी मरेन."

गॅब्रिएल उकिडवाच होता. हा माणूस साऱ्या गावाशी भांडला होता, मंडळाशी, पेपरशी. आता त्याने समोरची अळूची जुडी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. मागून गिऱ्हाइकं ढकलत होती.

"अळू देऊ?" जीनाने विचारलं. "ताजं आहे."